अर्धा व

नारायणगावच्या बाजारपेठेमागच्या बोळात गेनूतात्यांचा छापखाना होता, तिथे आता फ्लेक्स छापून मिळतात. परवा शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फलक करून घ्यायला गेलो, तर दारातच एका होतकरू पुढाऱ्याचा वाढदिवस वाळत घातलेला. माणूस हात जोडून आठ फूट उभा, आणि त्याच्या पायाशी ‘हार्दीक शुभेच्छूक’ मंडळी. दोन दीर्घ, दोन्ही चुकीचे. माझा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे गेला. गेली कित्येक वर्षं मराठी शिकवतोय, हाताला तेवढी एकच विद्या अवगत आहे. पण ती वेलांटी ऱ्हस्व करायची तर शिडी आणि चुन्याची बादली लागली असती. सोडून दिलं.

आत सगळं चकाचक. तापलेल्या प्लास्टिकचा उग्र वास, पंख्याची घरघर, आणि कॉम्प्युटरवर बसलेला एक गृहस्थ.

“बोला सर, काय टाकू?”

“व्ह टाक,” मी म्हणालो. कुठून सुचलं देव जाणे.

“नुसता व्ह?”

“नुसता.”

त्यानं टाकला. पडद्यावर एक गुबगुबीत ‘व्ह’ उमटला.

“आणखी टाक.”

त्यानं एक बटण दाबून धरलं आणि व्हव्हव्हव्हव्ह करत अख्खी ओळ भरली, दुसरी भरली, तिसरी भरायला लागली. संपेचना. “बास का सर?” त्यानं काळजीनं विचारलं. मास्तर उन्हातून आलाय, चक्कर आली असणार, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं. मला मात्र त्या ओळींचा इतका संताप आला की काय सांगू! एवढे अर्धे व! फुकट, विनासायास, बोटाच्या टोकावर! आणि आमच्या वेळी, याच बोळात, याच जागेवर, अर्धा व संपला होता.

आमच्या कॉलेजच्या त्या वर्षीच्या अहवालात विद्यार्थ्यांच्या कामगिरीबद्दल तीन ओळी आहेत. मला त्या पाठ आहेत. भित्तिपत्रक वर्षभर नियमित प्रसिद्ध झाले. रेडिओवरील युवकांच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांनी सहभाग घेतला. महाविद्यालयाच्या वार्षिकांकास विद्यापीठाच्या स्पर्धेत प्रथम क्रमांक मिळाला. तिन्ही ओळींच्या मागे संपादक म्हणून अस्मादिक. मी मूळचा पेठ गावचा, पण कॉलेजसाठी जुन्नरला मामाकडे राहायचो. मामाच्या घरात ‘व्हतं’, ‘न्हाई’, ‘लई’ बोलायचो आणि कॉलेजच्या फाटकातून आत शिरलो की जीभ इस्त्री करून घ्यायचो. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालेलं. एसटीला टपावर सायकली बांधलेल्या असत, आणि मराठीच्या सरांनी एकदा ‘वा!’ म्हटलं की आठवडाभर जेवण कमी लागायचं.

भित्तिपत्रक नियमित प्रसिद्ध झालं हे खरं, ते नियमित टिकलं मात्र नाही. जिन्याखालच्या भिंतीवर आम्ही ते डकवायचो, कणकेच्या खळीनं. खळ मीच शिजवायचो. तिचा तो आंबूस, गरम वास आला की आजही मला अग्रलेख सुचतो. श्रावणात किल्ल्यावरचे ढग खाली उतरून व्हरांड्यातून फिरायचे, कागद ओला व्हायचा, शाई ओघळायची. एकदा शिपाईकाकांच्या शेळीनं ‘ग्रंथालयाच्या समस्या’ हा माझा अग्रलेख पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत खाल्ला. तेवढी एकाग्र वाचक मला पुन्हा मिळाली नाही.

मग रेडिओ. दिवाळीनंतर आम्ही पाच जण ध्वनिमुद्रणासाठी पुण्याला गेलो. त्या पाचांत भामा होती. भामा घाटघरची. नाणेघाटाच्या तोंडाशी वसलेलं ते गाव. पावसाळाभर तिथे धुकं असं बसतं की शेजारच्या घरचा कोंबडासुद्धा नुसता ऐकू येतो. ती जुन्नरला मुलींच्या वसतिगृहात राहायची. वर्गात कमी बोलायची, बोलली की पोरं हसायची, कारण तिची जीभ फाटकापाशी इस्त्रीला थांबत नसे. जशी घरी तशीच कॉलेजात. तिच्या पिशवीला वाळत घातलेल्या हिरड्याचा तुरट वास यायचा आणि त्याबद्दल तिला काडीची लाज नव्हती. मला होती. तिच्या वतीनं.

स्टुडिओतल्या साहेबांनी विचारलं, तुमच्याकडचा काही खास आवाज आहे का? भामा म्हणाली, “आमच्यात हाळी देत्यात. धुक्यात.”

“द्या की मग.”

भामानं पदर कमरेला खोचला, तोंडाला दोन्ही हात लावले आणि हाळी दिली. काचेपलीकडच्या यंत्राचा काटा लाल खुणेवर जाऊन आपटला, साहेबांनी कानावरची यंत्रं फेकली, आणि दारावरचा माणूस काय झालं म्हणून आत धावत आला. कार्यक्रम लागला त्या दिवशी आम्ही नगरपालिकेच्या रेडिओभोवती कोंडाळं करून बसलो. माझी कविता लागली. हाळी कापली होती.

“काय न्हाई रं,” भामा म्हणाली, “रेडिओ फुटला असता त्यांचा.”

पण पंधरा दिवसांनी तिनं मला व्हरांड्यात गाठलं आणि आखीव तावांची एक घडी हातात दिली. वार्षिकांकासाठी लेख. वर लिहिलेलं, ‘हाळी’.

“संपादक,” ती मला याच नावानं हाक मारायची, निम्मी चेष्टा, निम्मा मान, “एक अक्षर हलवायचं न्हाई. आमच्या आयवर हाय. समदं तिच्या तोंडचं हाय, ती बोलायची तसंच. गेल्या साली गेली ती. बाला वाचता येत न्हाई. छापून आलं का शिमग्याला जाऊन त्याला वाचून दावनार हाय. त्याला वाटलं पायजे, घरात ती बोलती.”

“एक अक्षर नाही हलणार,” मी म्हणालो. छातीवर हात ठेवून. नाटकात ठेवतात तसा.

लेख काय होता, ते मला धड सांगता येत नाही, आणि चीड त्याचीच आहे. एवढं आठवतं की धुक्यात गुरामागं गेलेली पोर हरवते, आणि आई बांधावर उभी राहून तिला बोलत राहते. हाका मारत नाही, बोलत राहते. भाताचं सांगते, शेजारणीच्या उखाळ्यापाखाळ्या काढते, म्हशीला शिव्या देते, मध्येच पोरीला धीर देते. आणि त्या बोलण्याचा धागा धरून पोर घरी येते. मामाच्या ओसरीवर बसून मी तो वाचला, आणि मामी म्हणाली, “काय रं, डोळ्यात काय गेलं?”

गेनूतात्यांचा छापखाना म्हणजे एक खोली, एक पायानं चालवायचं यंत्र आणि भिंतभर लाकडी खणं. प्रत्येक खणात शिशाची सुटी अक्षरं, त्यांना खिळे म्हणायचे. ‘क’चं घर वेगळं, ‘त’चं वेगळं, अर्ध्या अक्षरांची बारकी घरं कोपऱ्यात. तात्या न बघता हात घालायचे आणि कोंबडीनं दाणे टिपावेत तसे खिळे टिपून ओळ उभी करायचे. पान छापून झालं की ते मोडायचं, खिळे रॉकेलनं पुसून आपापल्या घरी पाठवायचे, मग पुढचं पान. शाईचा, रॉकेलचा, तात्यांच्या तपकिरीचा मिळून एक वास होता. तो सदऱ्याला लागला की दोन धुण्यांत जात नसे. आणि यंत्राचा आवाज, खटाक्-धप्प, खटाक्-धप्प. माघातल्या कोवळ्या उन्हात, बाहेर टोमॅटोचे टेम्पो हॉर्न देत असताना, त्या आवाजाशेजारी प्रूफं तपासत बसलेला मी स्वतःला साक्षात संपादक समजत होतो.

त्या दिवशी बुधवार होता. शनिवारी संध्याकाळच्या आत अंक विद्यापीठात पोचवायचा, नाहीतर स्पर्धेतून बाद. सगळा अंक तयार. फक्त ‘हाळी’ची चार पानं आणि पहिल्या पानावरचं प्राचार्यांचं मनोगत तेवढं बाकी.

“संपादक, इकडं या,” तात्यांनी हाक मारली. “अर्धा व संपला.”

“म्हणजे?”

“म्हणजे संपला. ही पोरगी ओळीओळीला व्हता, व्हती, व्हतं करती. माझ्याकडं मूठभर अर्धे व. एवढे लागतील आसं कुनाला वाटलं व्हतं?”

“पण थोडे तरी असतील ना?”

“हायेत की. तिकडं बसल्यात.” तात्यांनी हनुवटीनं दाखवलं. दोरीनं घट्ट बांधलेलं प्राचार्यांचं मनोगत कोपऱ्यात उभं होतं. तात्यांनी चष्मा वर केला आणि उलट्या अक्षरांतून सरळ वाचलं, “‘नव्या पिढीच्या व्यक्तिमत्त्व विकासाचे भव्य व्यासपीठ’. एका दमात चार! तुमचं साहेब लई व्यसनी हायेत, राव. अर्ध्या ‘व’चं व्यसन.”

“मग ते छापून टाका आणि सोडवा.”

“सही कुठाय प्रूफावर? साहेब गेल्यात पुण्याला मीटिंगला. शुक्रवारी येत्यात. तवर ह्याला हात लावला तर उद्या मला कॉलेजचं काम न्हाई.”

“शुक्रवारी सही, मग छपाई, मग खिळे सुटणार, मग हिची चार पानं... शनिवार कसा गाठायचा?”

“न्हाई गाठत,” तात्या शांतपणे म्हणाले आणि तपकीर ओढली.

आजचा मी असतो तर ‘भव्य’ काढून ‘मोठे’ केलं असतं, ‘व्यासपीठ’ काढून ‘ओटा’ केला असता. प्राचार्यांना कळलंही नसतं. पण तेव्हा प्राचार्यांच्या मनोगताला हात लावायचा? प्राचार्यांचा एकेक अर्धा व मला देवघरातला टाक वाटला.

“त्यापरीस,” तात्या म्हणाले, “‘व्हतं’चं ‘होतं’ करा. हो भरपूर हाय, त भरपूर हाय.” मग त्यांनीच हातातली ओळ खाली ठेवली. “पर पोरीला इचारून या आधी. तिचं लिवनं हाय.”

बोळाच्या तोंडाशी एसटी उभी होती. कंडक्टर ‘जुन्नर, जुन्नर’ म्हणून घसा फोडत होता. अर्धापाऊण तासाची वाट. वसतिगृहाच्या पायरीवर उभं राहून भामाला विचारायचं आणि परतायचं, एवढंच. मी त्या गाडीकडे बघत राहिलो. तिनं काय उत्तर दिलं असतं ते मला ठाऊक होतं. म्हणून मी चढलो नाही. गाडी निघून गेली, धूळ खाली बसली, आणि मी खिशातून लाल पेन काढलं.

पहिल्या ‘व्हतं’चं ‘होतं’ केलं. पण ‘होतं’ लिहिलं की शेजारचं ‘न्हाई’ विचित्र दिसायला लागलं. ते ‘नाही’ केलं. मग ‘आमी’ उघडं पडलं, त्याला ‘आम्ही’ची टोपी घातली. ‘लई’चं ‘फार’ झालं. आयची आई झाली. आणि बांधावर उभी राहून ती बाई जे काही म्हणत होती त्याचं मी केलं, ‘घाबरू नकोस. मी हाक मारते आहे, तू ये.’ चार पानं लाल झाली. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. फाटकापाशी मी माझ्या जिभेचं रोज जे करत होतो, ते दुसऱ्या कुणाच्या तरी जिभेचं करायला मिळालं होतं. तात्या खिळे जुळवत गेले. खटाक्-धप्प.

अंक शनिवारी पोचला. पहिला आला! ढाल घेऊन आम्ही एसटीतून उतरलो तर प्राचार्य स्वतः स्टँडवर, पेढे, ढोल, सगळा थाट. परीक्षकांनी शेऱ्यात ‘हाळी’चा खास उल्लेख केला होता. दुर्गम भागातल्या विद्यार्थिनीनं इतकी शुद्ध, निर्दोष भाषा लिहावी याचं त्यांना कौतुक वाटलं होतं. मराठीच्या सरांनी तो शेरा वर्गात दोनदा वाचला. मी मान खाली घालून बसलो, लोकांना तो विनय वाटला. भामानं आपली प्रत घेतली, ‘हाळी’चं पान उघडलं, बराच वेळ उभ्या उभ्या वाचलं आणि मिटलं.

“छपाई बेस झालीय,” ती म्हणाली. बस्स. आणि मी गाढव, मला सुटल्यासारखं वाटलं.

शिमग्याची सुट्टी संपवून ती परत आली, ती जुन्नरच्या स्टँडवर मला भेटली. पिशवी खांद्यावर, पायांवर घाटातली लाल धूळ.

“बाला वाचून दावलं,” ती म्हणाली.

“मग? काय म्हणाले?”

“निम्म्यावर उठला. म्हनला, ही कोन मास्तरीण बोलती? आपली ती कुठं हाय ह्यात?” ती माझ्याकडे बघत नव्हती, गाड्यांच्या पाट्यांकडे बघत होती. “म्या म्हनलं, आरं तीच हाय. तर म्हनतो, घाबरू नकोस? आपल्यात कोन म्हनतं घाबरू नकोस?”

मी अर्ध्या ‘व’चं सांगायला लागलो. खिळे, मनोगत, सही, शनिवार, सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“बरं,” ती म्हणाली. “माजं ताव दे परत. त्यातलं वाचते त्याला.”

मी तसाच नारायणगावची गाडी पकडली. या खेपेला चढलो, बघा! तात्या यंत्राचा रूळ पुसत होते.

“लिवलेलं? छापून झाल्यावर ते कोन ठेवतं, भाऊ? त्या पोरीचा कागद मात्र लई ग्वाड व्हता. शाई अशी शोषून घ्यायचा. दोन दिस रूळ पुसला त्यानं.” त्यांनी माझं तोंड बघितलं, आणि हातातला बोळा उलगडून पाहू लागले. काळा मिट्ट. त्यात काही वाचण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर भामानं कधी विषय काढला नाही. तेच वाईट. चार शिव्या दिल्या असत्या तर हिशेब मिटला असता. वर्ष संपलं, कॉलेज संपलं. ढाल प्राचार्यांच्या कपाटात गेली. मी मास्तर झालो. दर वर्षी कुणीतरी निबंधात ‘व्हतं’ लिहितं, माझं पेन त्यावर उतरतं, आणि मध्येच, हवेत, थांबतं. पोरं आपसात म्हणतात, सरांच्या पेनमध्ये शाई येत नाही.

तर परवा त्या फ्लेक्सवाल्याच्या पडद्यावर अर्ध्या ‘व’चा तो पूर बघितला आणि मी फलक तिथेच टाकून उठलो. ठरवलं, ‘हाळी’ पुन्हा छापायचा. स्वखर्चानं. जसाच्या तसा. घरी येऊन यादी केली. आई काय काय म्हणाली असेल? भिऊ नगं. भेव नगं. भ्याऊ नको पोरी. का भेती गं? हाळी देती मी, ये. हाळ्या घालतीया, ये गं बाये. प्रत्येक वाक्याला चारचार पर्याय, परीक्षेच्या पेपरासारखे. आणि रविवारी घाटघरची जीप धरली.

भामा आता तिथेच अंगणवाडी चालवते. केस पांढरे व्हायला लागलेत, आवाज तोच. “या संपादक!” म्हणून ती अशी ओरडली की गल्लीतली दोन कुत्री उठून बसली. बा चार वर्षांपूर्वी गेला, तिनं सांगितलं. मग कोरा चहा आला, आणि मी येण्याचं कारण सांगितल्यावर आतून एक पत्र्याची पेटी आली. पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत वार्षिकांक. त्याचं पाठपान निखळलेलं, आणि ‘हाळी’ची चार पानं हाताळून हाताळून जुन्या धडुत्यासारखी मऊ.

मी यादी पुढे केली. भामानं चष्मा लावला आणि एकेक पर्याय मोठ्यानं म्हणून बघितला. “भिऊ नगं... न्हाई. भेव नगं... हे तर तुमच्या पेठेकडचं. हाळ्या घालतीया... ह्ये कोन म्हनतं? तमाशातली?” ती खो खो हसली. मीही हसलो. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या खेपेला हळू. जिभेवर ठेवून, चव घेतल्यासारखी. यादी संपली. तिनं कागद मला परत दिला.

“ह्यातलं कंचंच न्हाई?” माझी इस्त्री कधीच उतरली होती.

“न्हाई रं.”

“मग आठव की. डोळे मीट. ती बांधावर उभी हाय, धुकं हाय. काय म्हनायची ती?”

भामानं खरंच डोळे मिटले. बाहेर वारा होता, कौलांवरून धुक्याचं पाणी निथळत होतं.

“म्या लई वाचलं हे, संपादक,” डोळे न उघडता ती म्हणाली. “तेवढंच व्हतं तिचं माज्यापाशी. लगीन झालं तवा वाचलं. पोरगी झाली तवा वाचलं. बा गेला तवा वाचलं. ठावं हाय मला, ते तुजं हाय. पर आता आयला आठवाया गेले का कानात तेच येतं.”

“काय येतं?”

तिनं तोंडाशी दोन्ही हात नेले, पण ओरडली नाही. अगदी सावकाश, एकेक अक्षर जपून, ती म्हणाली, “घाबरू नकोस. मी हाक मारते आहे, तू ये.”

माझ्या हातात यादी होती आणि खिशात लाल पेन. त्या वाक्यात काढण्यासारखी एकही चूक नव्हती.